डिरेलरला वाचवणारा गार्ड आणि त्याच्यापासून वाचवायचं चाक

आमच्याकडे ट्रायल्स बाइक, म्हणजे कठड्या-दगडांवर उड्या मारायची सायकल, चालवते मुलगी आणि निस्तरते मी. ड्रॉइंग ऑफिसात जिग-फिक्स्चर काढण्यात माझी एकवीस वर्षं गेली. त्यामुळे कुठलीही विकतची वस्तू हातात आली की आधी तिचा बोल्ट कुठे बसतो ते बघायची सवय. डिरेलर (मागच्या चाकाजवळ लोंबणारी, गिअर बदलताना चेन सरकवणारी यंत्रणा) वाचवणारा हा गार्ड घेताना नेमकं तेच राहिलं, कारण महिन्याभरात दोन हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला टांगणारे तुकडे, वाकले होते आणि मी वैतागले होते.

वस्तू अशी आहे: आठ मिलिमीटरची सळई नालासारखी वाकवलेली, एका टोकाला जाड पत्र्याचा कान, त्यात भोक. ते भोक मागच्या ॲक्सलवर चढवायचं आणि वरून नट आवळायचा. गिअरच्या लहान सायकलींना येतो तोच प्रकार, थोडा दणकट केलेला. रंग चांगला आहे, वेल्डिंगही नीट आहे. सायकल उजव्या अंगावर आडवी झाली तर हा डिरेलरला जमिनीपासून दूर ठेवतो. भिंतीला टेकवलेली घसरली, गाडीत आडवी टाकली, तर त्या कामाला पूर्ण गुण.

पण ट्रायल्समध्ये डिरेलरला मार सायकल पडून बसत नाही. मुलगी उजवीकडे साइड हॉप मारते, मागचं चाक कठड्यावर ठेवायला जाते, चार बोटं कमी पडतात आणि टायर कडेवरून निसटतो. मग कठड्याची कड सरळ डिरेलरच्या केजवर, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या खालच्या पिंजऱ्यावर, येते. त्या क्षणी मागचा ब्रेक दाबलेला असतो, चाक फिरत नाही, आणि तिचं व सायकलचं सगळं वजन त्या एका जागी येतं. मार खालून येतो आणि केजला मागे ढकलतो.

पहिल्याच आठवड्यात ती सायकल हातात धरून आली. म्हणाली, "आई, डिरेलरला ओरखडासुद्धा नाही. पण चाक बघ ना."

चाक तिरकं झालं होतं, टायर चेनस्टेला (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासत होता. कारण उघड होतं, मला आधीच दिसायला हवं होतं. गार्ड एकाच बोल्टवर बसतो, म्हणजे तो ॲक्सलला लावलेला पानाच झाला. खालच्या टोकाला दणका बसला की सळई ॲक्सलभोवती फिरते आणि नटाखालचा कान हलून पकड सुटते. आमच्या फ्रेमचे ड्रॉपआउट, म्हणजे ॲक्सल बसतो त्या खाचा, आडवे आहेत, पकड सुटली की चाक सरकायला मोकळं. आणखी जोरात आवळून पाहिलं. मग पकड सुटली नाही, पण कान ड्रॉपआउटच्या तोंडात रुतला आणि तिथलं अ‍ॅल्युमिनियम उकरलं गेलं.

इथे माझा या गार्डवरचा मुख्य आक्षेप येतो. हँगर हा मुद्दाम कमजोर ठेवलेला तुकडा आहे. त्याने वाकावं, आपण तो सरळ करावा किंवा दोन स्क्रू काढून बदलावा, फ्रेम शाबूत राहावी, एवढ्यासाठीच तो वेगळा असतो. २०१९ साली आलेल्या स्रॅम कंपनीच्या युनिव्हर्सल डिरेलर हँगरमध्ये तर मार बसला की हँगर मागे फिरावा अशीच योजना आहे. हा गार्ड मात्र तो मार हँगरला चुकवून ॲक्सल आणि ड्रॉपआउटच्या गळ्यात घालतो. बदलता येणारं वाचवायचं आणि न बदलता येणारं मोडायचं, हा कुठला हिशेब? ट्रायल्ससाठी पाचात दीड. अर्धा रंगासाठी.

(स्पर्धेतल्या बहुतेक ट्रायल्स बाइक आता एकाच गिअरच्या असतात, त्यांना डिरेलरच नसतो. पण चेन ताणणारा टेन्शनर त्याच जागी लोंबतो, तेव्हा त्यांनीही वाचायला हरकत नाही.)

मग मी स्वतः गार्डचं ड्रॉइंग काढायला बसले. काही कापण्याआधी एक फुकटचं काम केलं. मुलगी मागची लहान स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) वापरतच नव्हती. डिरेलर सगळ्यात बाहेर येतो तो सर्वांत लहान स्प्रॉकेटवर. एच लिहिलेला लिमिट स्क्रू आत घेऊन त्याला दोन स्प्रॉकेट आतच थांबवला. आठ गिअरच्या कॅसेटवर (स्प्रॉकेटच्या जुडग्यावर) दोन स्प्रॉकेटमधलं अंतर ४.८ मिमी, म्हणजे डिरेलर साडेनऊ मिमी आत गेला. गार्ड घ्या, न घ्या, हे आज करा. बदलायची वेळ आली की लहान केजचा डिरेलर घ्या. शिमानोचे शॅडो प्रकारचे डिरेलर मुळातच आत दडतात, तेही बघा.

दुसरं, मार नक्की कुठे बसतो ते बघितलं. कठड्याच्या कडेला खडू घासला, डिरेलरवर काळी चिकटपट्टी लावली आणि मुलीला तीस उड्या मारायला लावल्या. माझी समजूत होती की बाहेरच्या अंगाला खडू लागेल. लागला तो जवळजवळ सगळा केजच्या खालच्या टोकाला, खालच्या जॉकी व्हीलच्या (केजमधल्या छोट्या चाकाच्या) पुढच्या बाजूला. विकतच्या गार्डची सळई बाहेरून वळसा घेते आणि खालची ती जागा उघडीच ठेवते. बाहेरचं कुंपण भक्कम, दार सताड उघडं.

पुठ्ठ्याचे चार साचे झाले. पाचवा ४ मिमीच्या ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून कापला आणि व्हाइसमध्ये काटकोनात वाकवला. बाहेरच्या अंगाला लगेच चीर गेली. या मिश्रधातूला कडक स्थितीत इतक्या छोट्या त्रिज्येत वाकवायचं नसतं. ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगवर आतली त्रिज्या लिहिणारी मी, घरी विसरले. मुलगी काही बोलली नाही, पण चीर बघून तिने माझ्याकडे जे बघितलं ते पुरेसं होतं.

शेवटी ३ मिमीची साधी पोलादी पट्टी घेतली. १५० मिमी लांब, ४० रुंद, वजन सुमारे १४० ग्रॅम. तेवढीच ४ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची ६५ ग्रॅमची झाली असती. पण पोलाद जवळजवळ तिप्पट ताठ असल्याने जाडी कमी असूनही पट्टी कमी लवते, आणि लवली तर हातोडीने परत सरळ करता येते. फरक अर्धा पावसुद्धा नाही, असं मी म्हटलं. मुलीचं म्हणणं, "मागचं चाक तू उचलत नाहीस ना."

पट्टी अजूनही ॲक्सलवरच बसते, पण तिला पुढे एक जीभ आहे आणि ती चेनस्टेला टेकते. पहिल्यांदा जीभ चेनस्टेच्या खाली ठेवली आणि चुकले. खालचं टोक मागे ढकललं गेलं की पुढची बाजू खाली जाते, म्हणजे जीभ चेनस्टेला टेकायच्या ऐवजी त्याच्यापासून सुटते. ती वर हवी. वर घेतली, ४० मिमी रुंद ठेवली, मध्ये जुन्या ट्यूबचं रबर घातलं, आणि गार्ड फिरायचा थांबला. ॲक्सलसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच आहे, कारण आडव्या ड्रॉपआउटमध्ये चाक पुढेमागे सरकवलं तर डिरेलर जागेवरच राहतो. गार्डनेही त्याच्यासोबत राहायला हवं. विकतच्या गार्डात ही सोय नाही. चाक थोडं मागे घेतलं की सळई केजला टेकते.

खाली, दगडाला लागणारा भाग पोलादाचा नाही. पोलाद कडेत अडकतं. मला मार अडवायचा नव्हता, घसरवायचा होता. जुना एचडीपीई प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड १२ मिमी जाडीचा होता, त्यातून तिरकी स्किड, म्हणजे घसरपट्टी, कापली. ती दोन नायलॉनच्या बोल्टांवर बसवली. मार मर्यादेबाहेर गेला की ते बोल्ट तुटतात आणि स्किड गळून पडते. हँगरचीच युक्ती, एक पायरी अलीकडे.

तीन महिन्यांचा हिशेब: नायलॉनचे पाच बोल्ट तुटले, स्किड एकदा बदलली, हँगर एकदा किंचित वाकला तो सरळ करून घेतला. चाक एकदाही सरकलं नाही.

माझ्या गार्डलाही तक्रारी आहेत आणि त्या मुलीने यादी करून दिल्या आहेत. पंक्चर झालं की चाकाआधी गार्ड काढावा लागतो; विकतच्याचंही तेच. केज आणि स्किडमध्ये मी सहा मिमी जागा सोडली, त्यात एकदा खडा अडकला आणि चेन दात सोडायला लागली. आता नऊ सोडली आहे. ओल्या मातीत पट्टीच्या आतल्या बाजूला लगदा साठतो, तो दर वेळी ब्रशने काढावा लागतो. आणि दिसायला तो, तिच्या शब्दांत, "कुणीतरी सायकलला बिजागरी लावल्यासारखा" आहे.

विकतचा गार्ड फेकला नाही. धाकट्याच्या गिअरच्या सायकलला लावला. ती रोज एकदा तरी उजवीकडे पडते आणि तिथे तो चोख काम करतो. ट्रायल्सवाल्यांनी घेऊ नये, आणि घेतलाच असेल तर आज संध्याकाळी नट काढून ड्रॉपआउटचं तोंड तपासावं. माझ्या स्किडचा मागचा कोपरा अजून कधी कधी कडेत धरतो. तो आणखी पंधरा अंश तिरका कापायचा आहे, बोर्डाचा तुकडा शिल्लक आहे.