कॉफीच्या फळाचा गर: काढा बरा की पीठ?

येमेनमध्ये कॉफीच्या फळाची वाळलेली टरफलं, म्हणजे बिया काढल्यावर उरलेली साल आणि गर, आलं घालून उकळतात. हा किशर नावाचा काढा. पिढ्यान्‌पिढ्या लोक तो पीत आलेत, आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू. बाहेरच्या देशांतल्या पारंपरिक पदार्थांसाठी युरोपीय संघ तिथल्या किमान 25 वर्षांच्या सलग वापराचा पुरावा मागतो; त्याच वाटेने 2022 मध्ये वाळवलेल्या गराला पेयांसाठी परवानगी मिळाली.

वाळलेला गर दळून केलेल्या पिठाचं तसं नाही. काढ्यात पाण्यात उतरतं तेवढंच पोटात जातं, चोथा फेकला जातो. बिस्किटातल्या पिठात मात्र कॅफीन, फवारणीचे अंश, बुरशीचं ऑक्रॅटॉक्सिन असं जे असेल ते सगळंच खाल्लं जातं. आणि ऑक्रॅटॉक्सिन हे विष भाजूनही पुरतं जात नाही. म्हणून सगळी मदार वाळवणीवर. फळातून बिया वेगळ्या करणाऱ्या पल्पर यंत्रातून पडलेला ओला, गोडसर गर ढिगात राहिला की आंबूस वास सुटतो, माश्या घोंगावतात. तो लगेच पातळ थरात पसरायला हवा.

कॅफीन दोन्हींत आहे. गरोदर बाईसाठी युरोपात दिवसाला 200 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. पण बिस्किटात ते आहे हे तिला कळणार कसं? मला काढाच पटतो. पीठ विकायचंच तर प्रत्येक खेपेची ऑक्रॅटॉक्सिन चाचणी आणि पाकिटावर कॅफीनचा आकडा, दोन्ही हवंच.