वाफा आपापला की बाग सगळ्यांची?

अनेकांनी मिळून बाग करताना वाफे वाटून घेतले की जबाबदारी कुणाची हे स्पष्ट असतं. पण एकाने महिनाभर पाठ फिरवली की त्याच्या तणाचं बी शेजारच्या वाफ्यात उतरतं. पुदिना तर हद्द मानतच नाही, जमिनीखालून सरकत येतो. सामाईक बागेत पीकपालट छान जमते: टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली, ती निदान ३ वर्षं जागा बदलत फिरवता येतात. छोट्या वाफ्यात फिरवणार कुठे? सामाईक बागेत अडतं ते पाण्यावर. ‘कुणीतरी घातलं असेल’ म्हणत रोपं माना टाकतात, नाहीतर तिघं घालतात नि मुळं कुजतात. माझा कौल वाटलेल्या वाफ्यांना; कंपोस्टचा खड्डा आणि पाइप तेवढा सामाईक. खुरपं मात्र ज्याचं त्याने आणावं, सगळ्यांचं खुरपं कधीच जागेवर सापडत नाही.