न नेलेल्या ड्रेसचा मुखवटा

ठाण्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. कॉमिक वाचायचं वय केव्हाच सरलं, पण लेक रोर्शाकचा टी-शर्ट अंगावरून उतरवेना. रोर्शाक म्हणजे शाईच्या डागांचा मुखवटा घालून गुन्हेगारांच्या मागे लागणारा कॉमिकमधला माणूस. म्हणून लेकाकडून त्याचं ते कॉमिक, ‘वॉचमेन’, मागून घेतलं. लेखन ॲलन मूरचं, चित्रं डेव्ह गिबन्सची. १९८६-८७मध्ये बारा अंकांत आलेली गोष्ट, आता एकाच जाड पेपरबॅकमध्ये. अक्षरं बारीक, चष्मा हवाच.

सुरुवातच रोर्शाकच्या डायरीने होते. तिचं इंग्रजी तुटक, त्यामुळे मला सोपं गेलं, आणि चार पानांत त्याचा आवाज डोक्यात बसला. मग एका खुनाची माहिती काढायला तो एका बारमध्ये शिरून एकाची बोटं मोडतो. तिथे कुणालाच काही माहीत नसतं. मी काय केलं? पुढे काय होतं म्हणून पान उलटलं. त्या माणसाची बोटं मला रात्री भांडी घासताना आठवली.

सहाव्या भागात तर माझ्याच धंद्यातली गोष्ट निघाली. रोर्शाक पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात कामगार. १९६२मध्ये एका मुलीने खास ऑर्डरचा ड्रेस नेलाच नाही. (माझ्याकडे असल्या न नेलेल्या ब्लाउजांची एक गोणी आहे.) त्या ड्रेसच्या कापडात लेटेक्सच्या, म्हणजे पातळ रबराच्या, दोन थरांमध्ये काळं-पांढरं द्रव, सतत हलणारं, पण एकमेकांत न मिसळणारं. हा तो ड्रेस घरी नेतो, गरम हत्याराने कापतो, म्हणजे कडा पुन्हा चिकटतात, आणि पुढे त्याचाच मुखवटा करतो. त्याला तो कपडा आवडतो, कारण त्यात करडा रंगच नाही. आमच्याकडे काळं-पांढरं कापड पहिल्याच धुण्यात रंग सोडतं.

लेक म्हणतो, “आई, सगळे तडजोड करतात, हा एकटाच करत नाही.” खरंय. मी दिवसभर गिऱ्हाइकापुढे मान डोलावते, उधारी सोडून देते. त्यामुळे मान न डोलावणारा दिसला की मलाही बरं वाटलं. पण हाच माणूस मित्राच्या स्वयंपाकघरात डब्यातले गार बीन्स खातो, जाताना साखरेचे खडे खिशात टाकतो, आणि अंगाला वास मारतो. चित्रकाराने काही लपवलेलं नाही. टी-शर्टवर यातलं काही येत नाही, येतो फक्त मुखवटा.

पुस्तक जरूर घ्या, पण शाळकरी पोरांच्या हाती देऊ नका. सहावा भाग वाचून मीच दोन दिवस गप्प होते.

टी-शर्ट आता काखेत उसवलाय. डागांच्या नक्षीला धक्का न लावता शिवून दे म्हणतो.