गाडी सावलीला, पॅनल उन्हाला: कॅम्पर व्हॅनसाठी कोणता सोलर घ्यावा?

मराठवाड्यात सोलरला ऊन कमी पडेल अशी काळजी कुणी करत नाही. अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की गाडी कुठे लावणार? चिंचेखाली, नाहीतर कडुनिंबाखाली. टपावर पॅनल बसवले असतील, तर तेही तुमच्यासोबत सावलीत. टपावरचे पक्के पॅनल घ्यावेत की घडी घालून आत ठेवता येणारे सुटे, म्हणजे घडीचे, हे आपल्या भागात मुख्यतः या एका गोष्टीवर ठरतं, असं चार उन्हाळे गाडीत काढल्यावर माझं मत झालं आहे.

आधी लागतं किती ते बघा. आमच्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आहे, थेट बॅटरीवर चालणारे दोन डीसी पंखे, चार एलईडी, पाण्याची मोटर, मोबाइल आणि लॅपटॉप. थंडीत दिवसाला अर्धा युनिट पुरतं. मे महिन्यात फ्रिज थांबायचं नाव घेत नाही, पंखे रात्रभर चालतात, आणि हाच आकडा एका युनिटच्या आसपास जातो. एसीचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडा. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या घरात खातो. टपावर मावणारे पॅनल त्याला रात्रभर पोसू शकत नाहीत. आपली हवा कोरडी आहे, लहान डीसी कूलर मेमध्ये चांगलं काम देतो.

आधी टपावरच्या पक्क्या, काचेच्या पॅनलचं बघू. २०० वॉटचा एक पॅनल साधारण दीड मीटर लांब आणि बाराएक किलोचा असतो; आमच्या टपावर असे दोन बसले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोघांचं मिळून दीड युनिट हाती येतं. याचा खरा फायदा मला देवदर्शनाच्या फेरीत कळला. तुळजापूर, अंबाजोगाई, परळी, औंढा: आपण रांगेत, गाडी पार्किंगच्या उघड्या उन्हात. बाहेर येईपर्यंत बॅटरी भरलेली. गाडी चालत असतानाही चार्जिंग सुरूच, लावा-काढायची कटकट नाही, चोरीची भीती कमी. शिवाय पॅनल आणि पत्रा यांच्यात चार बोटं फट ठेवली, तर पॅनलच टपाला सावली देतो आणि आतला उकाडा जाणवण्याइतका कमी होतो. ती फट पॅनललाही हवीच. पॅनलवर लिहिलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. मेच्या दुपारी पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि पंधराएक टक्के वीज तिथेच जाते.

आता त्याची उणी बाजू. गेल्या मेमध्ये उदगीरजवळ मामांच्या शेतात तीन दिवस मुक्काम होता. बांधावर जुनी चिंच. दुपारी बारा वाजता गाडी उघड्यावर होती तेव्हा कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या डब्यावर, ३२० वॉट दिसत होते. लेकरं उकाड्याने रडकुंडीला आली, म्हणून गाडी चिंचेखाली घेतली. आकडा २२ वर आला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच घुटमळत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद पडला. मामी म्हणाल्या, दूध घरात आणून ठेवा. दुधाची सोय झाली, पण माझा हिशोब चुकला होता हे खरं.

घडीचा पॅनल इथे कामाला येतो. गाडी चिंचेखाली, पॅनल दहा मीटरवर उन्हात. वायर मात्र जाड घ्या, निदान ६ चौरस मिलिमीटर. बारीक वायरीत एवढ्या अंतरावर बरीच वीज वाया जाते. दुसरा फायदा थंडीतला. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे आडव्या पॅनलचं काही बिघडत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि टपावर आडवा पडलेला पॅनल भर दुपारीसुद्धा पाव हिश्श्याहून जास्त ऊन गमावतो. घडीचा पॅनल दक्षिणेला तोंड करून तिरका उभा करता येतो.

पण त्याच्याशेजारी कुणीतरी थांबावं लागतं. मंदिरात जायचं तर आधी गुंडाळून आत ठेवा. वळवाच्या आधीचं वारं सुटलं की तो उलटापालटा होतो. दगड ठेवून भागत नाही, खुंटी ठोकून दोरी बांधावी लागते. वॉटमागे किंमतही काचेच्या पॅनलच्या दुपटीपेक्षा जास्त पडते. गारपिटीत मात्र तो झटकन आत घेता येतो. चांगला काचेचा पॅनल २५ मिलिमीटरच्या गारांसाठी तपासलेला असतो, पण आपल्याकडे २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये काय गारा पडल्या ते कुणी विसरलेलं नाही.

टपावर चिकटवायचे पातळ, वाकणारे पॅनल घेऊ नका. मी पहिल्या वर्षी तेच घेतले होते. खाली हवा नाही, पत्रा तव्यासारखा तापलेला; दुसऱ्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यात तपकिरी डाग आला, मग पापुद्रा सुटला. काढताना टपाचा रंगही निघाला.

बॅटरीबद्दल फार बोलत नाही. १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) लिथियम फॉस्फेट बॅटरी बाराएक किलोची असते आणि जवळपास पूर्ण वापरता येते. १५० एएचची ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-अ‍ॅसिड बॅटरी, पन्नास किलोच्या वर आणि निम्मीच वापरलेली बरी. शिवाय ट्यूब्युलर चार्ज होताना गॅस सोडते, जिथे झोपतो तिथे ती नको. लिथियम सीटखाली, हवेशीर जागी ठेवा.

पावसाळ्यात दोन्ही पर्याय लंगडे पडतात. ढगाळलेल्या आठवड्यात इंजिनच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर खरा आधार. २५ अँपिअरचा असेल तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये अर्ध्या युनिटहून जास्त भरतो.

घरच्या छतासाठीचं पीएम सूर्यघरचं अनुदान गाडीला लागू नाही. आणि टपाला भोक पाडण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे.

रोज गाव बदलणार असाल, तर टपावरचे दोन काचेचे पॅनल घ्या आणि ते पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडा, म्हणजे एकावर फांदीची सावली पडली तरी दुसरा चालू राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाच शेतात चार-चार दिवस राहणार असाल, तर घडीचा २०० वॉटचा. मला आज नव्याने सुरुवात करायची असती, तर आधी घडीचा एकच घेतला असता आणि एक उन्हाळा काढला असता. पुढे टपावर पॅनल चढवले तरी तो बिनकामाचा होत नाही; आमचा आता मागच्या सीटखाली असतो आणि मामांकडे गेलं की पहिल्यांदा तोच बाहेर निघतो.