फुकटच्या क्रूझवर खिडकीचे पैसे भरावेत का?

परभणीत आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. कापसाच्या एका कंपनीनं यंदा टार्गेटवाल्या डीलरांना थायलंडऐवजी क्रूझ दिली, मुंबई-गोवा-मुंबई, जोडीनं. कंपनीची खोली इंटिरिअर, म्हणजे जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची. वरच्या दर्जाची पाहिजे तर फरक खिशातून भरा. झालं, डीलरांच्या ग्रुपवर भाव-बिव सोडून हाच विषय. निम्म्यांचं म्हणणं, "खोलीत झोपायचंच तर आहे, कशाला पैसे घालायचे?" म्हणणं खरं आहे, पण प्रत्येकाला लागू पडत नाही.

आम्ही खिडकीवाली घेतली. तिला ते ओशन व्ह्यू म्हणतात. दोघांचे मिळून साडेसात हजार जास्तीचे गेले. जिंतूरचा दोस्त इंटिरिअरमध्येच राहिला आणि संभाजीनगरच्या डिस्ट्रिब्युटरनं बाल्कनी घेतली. तिन्ही खोल्यांत बसून गप्पा झाल्या, तेव्हा हे ऐकीव नाही.

इंटिरिअरची उगाच बदनामी झाली आहे. गादी तीच, एसी तोच, जेवण आणि शो सगळ्यांना एकच. दिवा घालवला की मात्र स्वतःचा हात दिसत नाही. रात्रीचे दोन आणि सकाळचे आठ सारखेच. दोस्त नाश्ता बंद व्हायच्या टायमाला डोळे चोळत आला, "अरे, मला वाटलं अजून रात्रच हाय!" गाढ झोपणाऱ्याला याच्यासारखी खोली नाही. बाथरूमही आमच्याएवढंच इवलंसं. आंघोळीला उभं राहिलं की पडदा अंगाला चिकटतो, आणि फ्लश असा खस्सकन ओढतो की पहिल्यांदा माणूस दचकतोच. जास्तीच्या पैशात बाथरूम मोठं मिळेल या आशेवर राहू नका.

आमच्या मंडळींचा हट्ट वेगळ्याच कारणानं होता. "अहो, जहाजाला काही झालं तर बिनखिडकीच्या खोलीतून निघायचं कसं?" हे कारण बाद धरा. खिडकीची काच पक्की बसवलेली असते, ती उघडतच नाही. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते. कोणत्या जिन्यानं कुठं जमायचं हे तेव्हा दाखवतात, आणि तिथं सगळ्यात महागड्या खोलीतला, म्हणजे स्वीटवाला, आणि इंटिरिअरवाला एकाच रांगेत. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डियाला अपघात झाला तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. तेव्हा कंटाळा आला तरी नीट बघा.

खरं कारण मळमळीचं. हिला एसटीत परभणी-जिंतूर एवढ्यातही लिंबू हुंगावं लागतं. बंद खोलीत डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतंय. त्या भांडणातून पोटात ढवळतं. खिडकीतून लांबची क्षितिजरेषा दिसत राहिली की बराच फरक पडतो. पण त्याहून मोठा फरक खोली कुठं आहे याचा. एसटीत मागच्या सीटवर बसणारा उडतो आणि मधला निवांत बसतो, जहाजाचंही तसंच. मधली आणि खालच्या डेकची, म्हणजे मजल्याची, खोली सगळ्यात कमी हलते. गंमत म्हणजे ती सहसा स्वस्तही असते! डिस्ट्रिब्युटरची महागडी बाल्कनी वर आणि पुढच्या टोकाला. रात्री त्याच्या खोलीतली पाण्याची बाटली टेबलावरून घसरत होती, आमची जागच्या जागी. हिवाळ्यात समुद्र शांत होता म्हणून आमचं एका गोळीवर भागलं.

बुकिंगवाल्याशी मात्र डोकं लावावं लागलं. आधी म्हणे 'गॅरंटी' खोली घ्या. म्हणजे खिडकी नक्की, पण खोली कुठली ते त्यांच्या मनावर. मी म्हटलं, नंबर द्या मग पैसे. नंबर आला. डेकचा नकाशा मोबाईलवर मोठा करून पाहिला तर खिडकीपुढं नेमकी लाईफबोट टांगलेली. साडेसात हजार भरून नारिंगी बोटीचं बूड बघायचं का? चार फोन केल्यावर बदलून मिळाली. त्याच नकाशात खोलीच्या वर काय आहे तेही बघा. वर स्विमिंग पूल असला तर रात्री-पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली डिस्को असला तर मग विचारूच नका. आणि पैशाचं म्हणाल तर पोर्ट चार्ज, म्हणजे बंदराचे पैसे, माणशी असतो, खोली बदलली म्हणून तो वाढत नाही. कर मात्र फरकाच्या रकमेवरही लागतो, तो धरूनच हिशेब विचारा.

बाजू उजवी मागा. मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून निघताना गेटवे, ताज, कुलाबा आणि पुढं प्राँग्जचं दीपगृह उजव्या हाताला येतं. गोव्याकडं जाताना सूर्य तिकडंच मावळतो, आणि परतीला जहाज उत्तरेला तोंड करून येतं तेव्हा उगवतोही उजवीकडंच. दीपगृह आलं तेव्हा ही काचेला नाक लावून बसली होती. चहा गार झाला म्हटलं तर "थांबा हो जरा" एवढंच.

निघतानाचा तो तासभर बाल्कनीत आमच्याहून सुखाचा, हे कबूल. वारा अंगावर येतो, पाण्याचा आवाज येतो. पण अंधार पडला की बाहेर काळंकुट्ट, आणि दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागलं की समोर क्रेन. तोवर सगळे गोव्यात उतरलेले. डिस्ट्रिब्युटर स्वतःच जास्त वेळ वरच्या उघड्या डेकवर आमच्यात होता. दोन रात्रींच्या फेरीला बाल्कनी परवडत नाही हे माझं स्पष्ट मत. मळमळ होणारं कुणी बरोबर असलं किंवा दुपारी खोलीत बसणारी म्हातारी माणसं असली तर खिडकी घ्या. नाहीतर मधली, खालची इंटिरिअर घ्या आणि राहिलेले पैसे गोव्यात टॅक्सीला ठेवा, ते लागतातच.

पुढच्या स्कीमला लक्षद्वीप आहे म्हणतात. त्यात अख्खे दिवस पाण्यावर जातात, तिथं बाल्कनीचा फरक आत्ताच विचारून ठेवलाय. ही तर बॅग काढून बसली आहे. म्हटलं, बाई, आधी मृगाचा पाऊस पडू दे, बियाणं विकू दे, टार्गेट होऊ दे.