नोकरी बदलली, प्रांतही बदलतोय: सगळ्यांना एकदम सांगावं की एकेकाला?

नवी नोकरी ठरली आहे, ती दुसऱ्या प्रांतात आहे, नियुक्तिपत्र हातात आहे आणि जुन्या ठिकाणी राजीनामाही देऊन झाला आहे. (यातलं शेवटचं झालं नसेल तर घराबाहेर कुणालाच सांगू नका.) आता ओळखीच्या माणसांना कळवायचं आहे. रस्ते दोन आहेत. एक मजकूर लिहून फेसबुक, लिंक्डइन किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे सगळ्यांना एकदम कळतं. किंवा एकेकाला फोन करायचा, नाहीतर त्याच्यापुरता निरोप लिहायचा. मी एका बदलाच्या वेळी पहिला रस्ता धरला होता आणि पुढच्या बदलाच्या वेळी दुसरा. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच. तुमचा गोतावळा वेगळा असेल, तर तुमचं उत्तरही वेगळं निघू शकतं.

पोस्टची खरी ताकद आधी सांगतो, कारण ती मोठी आहे. आपल्या आठवणीतही नसलेल्या माणसांपर्यंत बातमी पोहोचते. माझ्या पोस्टखाली एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलं की तो त्याच शहरात राहतो. आमचं कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं आणि एकेकाला कळवायची यादी केली असती तर तो तीत बसलाच नसता. घर भाड्याने घेण्याआधी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिथून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन ये, हा सल्ला त्यानेच दिला. मला जवळजवळ पसंत पडलेलं एक घर त्यामुळे मी सोडलं.

हा निव्वळ योगायोग नव्हता. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दूरच्या ओळखींवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून खबर मिळाली तो माणूस तेव्हा किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, तर दूरच्या माणसाचं जग वेगळं असल्याने नवी माहिती त्याच्याकडून येते. परक्या शहरात घर, शाळा, डॉक्टर शोधताना हेच लागू पडतं असं मला वाटतं. शिवाय पोस्टने वेळ वाचतो, आणि सामान बांधायच्या दिवसांत वेळाइतकं दुर्मिळ काही नसतं.

मग पोस्ट का नको? लाइक मोजत बसावं लागतं, लोक तेच ते ‘अभिनंदन’ चिकटवतात, या तक्रारी मला फारशा पटत नाहीत. दोन शब्द लिहिणाऱ्यालाही खरंच आनंद झालेला असू शकतो. मला जी गोष्ट बोचली ती वेगळी होती.

माझ्या पोस्टखाली मावशीने विचारलं, “आता आई-बाबांकडे कोण बघणार?” प्रश्न मायेचा होता आणि रास्तही होता. घरातली इतकी जवळची माणसं हा प्रश्न विचारणारच. पण तो कुणासमोर विचारला गेला होता ते बघा. माझा जुना साहेब ती पोस्ट वाचत होता. नव्या ऑफिसातल्या दोघा-तिघांनी आधीच ओळख जोडली होती, तेही वाचत होते. शाळेतले मित्र, शेजारी, बायकोच्या माहेरची मंडळी, सगळे तिथेच. खरं उत्तर लांबलचक होतं. त्यात वडिलांचं आजारपण होतं, भावाने घेतलेली जबाबदारी होती, महिन्याच्या खर्चाची विभागणी होती. एवढं सगळं तिथे लिहिणं शक्य नव्हतं. “सगळी सोय केली आहे, मावशी” असं लिहिलं तर ते टाळल्यासारखं वाटलं असतं. काहीच न लिहिणं म्हणजे वडीलधाऱ्या माणसाचा अपमान, आणि तिची कमेंट काढून टाकली तर त्याहून वाईट. मी तिला फोन केला, सविस्तर सांगितलं, तिचं समाधान झालं.

प्रश्न मात्र पोस्टखाली तसाच राहिला. फोनवर काय बोलणं झालं ते इतरांना कुठून कळणार? “खरंच, काय ठरवलंस?” असं आणखी चौघांनी विचारलं. नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात आमच्या गटप्रमुखांनी जेवताना हळूच विचारलं, “घरी आता सगळं ठीक आहे ना?” त्यांचा हेतू चांगला होता. पण माझ्याबद्दल तिथे सर्वांत आधी काय कळावं हे मला ठरवायचं होतं. ते माझ्याऐवजी त्या एका पोस्टने ठरवलं.

पोस्टची अडचण मला इथे दिसते. आपण लिहितो एकच मजकूर, पण वाचणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. आईला जेवणाखाण्याची काळजी, मित्राला भेटी कधी होणार याची, जुन्या सहकाऱ्याला आपण का सोडलं याचं कुतूहल, कुणाला पगाराचं. यातला एकही प्रश्न गैर नाही. पण प्रत्येकाचं उत्तर त्या एका माणसासाठी असतं आणि पोस्टवर ते सगळ्यांच्या देखत द्यावं लागतं. दुसऱ्या प्रांतात जाताना तर हे प्रश्न जास्तच हळवे होतात, कारण आपल्या जाण्याने कुणाच्या तरी रोजच्या आयुष्यात फरक पडणार असतो. नुसती बढती मिळाली असती तर मावशीने पेढे मागितले असते आणि विषय तिथेच संपला असता.

यावर उपाय नाहीत असं नाही. फेसबुकवर पोस्ट कुणाला दिसावी ते निवडता येतं, लिंक्डइनवर कमेंट बंद ठेवता येतात. पण माणसांच्या याद्या करून कुणाला काय दिसावं हे ठरवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात निम्म्या लोकांना वेगवेगळे निरोप लिहून होतात. आणि कमेंट बंद केलेली आनंदाची बातमी वाचताना दारावर चिकटवलेल्या नोटिशीसारखी वाटते.

एकेकाला कळवण्याच्या रस्त्यावरही खड्डे आहेत. तेच तेच सांगून घसा बसतो. यादी कधीच पूर्ण होत नाही, कुणीतरी सुटतंच. सर्वांत मोठा धोका म्हणजे बातमी आपल्या पुढे धावते. तुम्ही काकांना उद्या फोन करणार असता आणि आत्याकडून त्यांना आजच कळलेलं असतं, मग उद्याच्या फोनची सुरुवातच रुसव्याने होते. मी पहिली फेरी एका संध्याकाळीच उरकली आणि प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं, “अजून सगळ्यांना कळवलेलं नाही, मीच सांगतो.” बहुतेकांनी ते पाळलं. पहिल्या फेरीत कोण हवं, याचा माझा निकष नात्याचा नव्हता. आपल्या जाण्याने ज्याची काही व्यवस्था बदलणार आहे तो आधी. आई-वडील त्यात आलेच, पण ज्याच्याबरोबर रोज गाडीने ऑफिसला जात होतो तो शेजारीही आला.

फोन जड वाटतो हे मी समजू शकतो. खूप दिवसांनी फोन केला तर बोलायचं काय, अवघडल्यासारखं होईल, म्हणून आपण लिहून मोकळे होतो. याबाबत अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जुन्या मित्राशी संपर्क साधताना लोकांना वाटत होतं की फोनवर ईमेलपेक्षा जास्त अवघडेल. प्रत्यक्षात फोनवर बोललेल्यांना जवळीक जास्त जाणवली आणि अवघडलेपण काही जास्त नव्हतं. माझा अनुभवही तोच. दुसऱ्या बदलाच्या वेळी मी मावशीला पहिल्याच संध्याकाळी फोन केला. तिने पुन्हा आई-बाबांचाच विषय काढला. आम्ही निवांत बोललो, आणि बाबांच्या तपासणीच्या दिवशी आईबरोबर आपण जाऊ, असं तिने आपणहून सांगितलं. ज्या प्रश्नाने आधी मला कोंडीत पकडलं होतं, त्यातूनच या वेळी मदत आली. पोस्टखाली तिला ते लिहावंसं वाटलं असतं असं मला वाटत नाही.

या दोन्हींच्या मधले पर्याय थोडक्यात. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट सोयीची वाटते, कारण उत्तर येतं ते फक्त आपल्याला. मात्र एका यादीत २५६ माणसांचीच मर्यादा आहे, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलेला नाही त्याला तो निरोप मिळतच नाही. म्हणजे ज्या दूरच्या ओळखींसाठी हा खटाटोप करायचा, नेमक्या त्याच निसटण्याची शक्यता जास्त. स्टेटस २४ तासांत जातं, ज्याच्या नजरेस पडलं त्याला कळलं. सोसायटीच्या किंवा जुन्या वर्गाच्या ग्रुपवर बातमी टाकायला हरकत नाही, पण जवळच्यांचे फोन झाल्यावर. नंबरही बदलणार असाल तर व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलायची सोय आहे, तिच्यातून निवडक लोकांना नवा नंबर कळवता येतो. ते काम वेगळं करा, नोकरीच्या बातमीत मिसळू नका.

एक गोष्ट सुरक्षिततेची. निघण्याची तारीख उघड पोस्टमध्ये लिहू नये. घर कधीपासून रिकामं असणार आहे हे सगळ्या जगाला कळायची गरज नाही. ज्यांना निरोप द्यायला यायचं आहे त्यांना तारीख वेगळी सांगता येते.

मग दूरच्या ओळखींचा जो फायदा पोस्टने होतो तो सोडून द्यायचा का? मला तसं करावं लागलं नाही. लिंक्डइनवर आपल्या ओळखीची माणसं ठिकाणानुसार शोधता येतात. नव्या शहराचं नाव टाकल्यावर विस्मरणात गेलेली बरीच नावं समोर आली. त्यांतल्या काहींना मी थेट लिहिलं, “अमुक महिन्यात तिकडे येतोय, राहण्याच्या जागेबद्दल दोन प्रश्न विचारू का?” बहुतेकांनी उत्तर दिलं, आणि पोस्टखाली मिळालं असतं त्यापेक्षा सविस्तर दिलं. अर्थात, तुमची जुनी माणसं लिंक्डइनवर फारशी नसतील तर हा मार्ग लंगडा पडेल, आणि मग पोस्टचं पारडं थोडं जड होईल हे मान्य.

तुमचा स्वतःचा व्यवसाय असेल, ग्राहक किंवा अशील जोडलेले असतील, तर मात्र उघडपणे कळवणंच योग्य. ती बातमी कामाची आहे आणि ती सगळ्यांना एकाच वेळी मिळायला हवी. तसंच घरात आजारपण किंवा लहान मूल असेल आणि फोन करायची ताकदच नसेल, तर सरळ पोस्ट टाका, कुणी मनाला लावून घेणार नाही. पण ज्याला आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या काढता येतात, त्याने एकेकाला कळवावं असंच मी सुचवेन.

पोस्ट टाकायचीच असेल तर नव्या कामावर महिनाभर रुळल्यावर टाका. तोवर जवळच्यांचे प्रश्न विचारून झालेले असतात, त्यामुळे खाली फक्त शुभेच्छा येतात. नोकरी अगदीच जमली नाही, तर मागे घ्यावी लागणारी जाहिरातही उरत नाही. लिंक्डइनवर नवी जागा नोंदवताना ‘ओळखीच्यांना कळवा’ अशा अर्थाचं एक बटण असतं. ते चालू आहे की बंद, हे जतन करण्याआधी बघा. मी आधी बंद ठेवून माहिती भरली आणि सवडीने दोन ओळी लिहून कळवलं. नवा पत्ता त्यात नव्हता, तो ज्यांनी मागितला त्यांनाच पाठवला.