आकडा दाखवणारी बरणी: सात महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. सुट्टे पैसे साठवायच्या या बरणीला पाचपैकी चार, तिच्या पैसे मोजणाऱ्या झाकणाला एक. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत जाहिरात आहे ती नेमकी झाकणाची.

मी घरी शिवणकाम करते. चेन बदलणं, उसवलेलं पुन्हा शिवणं, पँटची उंची कमी करणं, अशी बारीक कामं. त्यामुळे पैसेही बारीकच येतात. संध्याकाळी मशीनच्या खणात चुरगळलेल्या लहान नोटा आणि खुर्दा. तो पुढे कुठे जायचा हे मला कधी कळलं नाही. मोठी नोट आली तर ती मोडायला माझा हात चार दिवस धजत नाही, सुट्टे मात्र असे निघून जातात की जणू ते पैसेच नव्हेत. मी याला माझा वेंधळेपणा समजत होते. थोरली अर्थशास्त्र शिकते, ती म्हणाली, "आई, तू एकटी नाहीस." प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या संशोधकांनी २००९ साली हेच दाखवलं होतं म्हणे: तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असेल तर माणूस ती खर्च करायला कचरतो, सुट्ट्यांत असेल तर सहज करतो. मग ठरवलं, सुट्टे डोळ्यांसमोरून हलवायचे. रोज रात्री खणातली सगळी नाणी आणि सर्वांत लहान दोन किमतींच्या नोटा बाजूला. जमतील त्यातून ओव्हरलॉक मशीन, म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवणारं.

त्यासाठी ही बरणी मागवली. जाड पारदर्शक प्लॅस्टिक, फिरकीचं झाकण, झाकणावर फट आणि छोटा पडदा. नाणं टाकलं की एकूण रक्कम दिसते. पहिले आठ दिवस घरात जत्रा. धाकटा प्रत्येक नाणं वेगळं टाकायचा, पडद्याकडे बघत.

नवव्या दिवशी रक्कम एकदम जास्त दिसली. मी खूश. मग बरणी हलवली, तर आतून कोटाचं बटण खुळखुळलं. धाकट्याने टाकलं होतं, "बघू काय म्हणतंय" म्हणून. झाकणाने त्याला सगळ्यांत मोठं नाणं समजून घेतलं होतं! तेव्हा यंत्राचं गुपित कळलं. फटीखाली एक छोटी पट्टी आहे. नाणं जाताना तिला बाजूला ढकलतं, आणि ती किती सरकली यावरून झाकण किंमत ठरवतं. म्हणजे ते फक्त रुंदी मोजतं, धातू नाही, वजन नाही, छाप तर नाहीच. टेप गळ्यात घालून आयुष्य गेलं माझं, मला हे पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. एकाच किमतीचं जुनं आणि नवं नाणं रुंदीला वेगळं असेल तर झाकण हमखास गोंधळतं. दोन नाणी एकदम सरकली तर एकच धरतं. नोटांचं तर काही विचारूच नका. त्या फटीत आठ घड्या घालून कोंबायच्या आणि रक्कम बटण दाबून हाताने वाढवायची. बटणावर बोट जरा जास्त राहिलं की आकडा पुढे पळतो, मागे आणायची सोय नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरी अडचण आकडा चुकीचा असण्याची नव्हती, तो दिसण्याची होती.

बरणी फडताळावर, पडदा खोलीकडे तोंड करून. कुणाचंही काही अडलं की नजर तिकडे. "एवढे आहेत ना त्यात? परवा टाकतो परत," असं हे दोनदा म्हणाले. दोन्हीदा परवा उजाडला नाही. मीसुद्धा आकडा गोल होऊन वर चार सुटे दिसले की ते चार "जादाचे" म्हणून काढायचे. सासूबाईंनी शेवटी बरणीला क्रोशाची टोपी विणली. "दिसलं नाही की मागवत नाही," म्हणाल्या. टोपी दोन आठवडे टिकली, कारण धाकट्याला आकडा बघायचा असायचा.

पाचव्या महिन्यात बॅटऱ्या संपल्या. नव्या घालायला जुन्या काढल्या आणि आकडा शून्य! मोजलेलं लक्षात ठेवायची सोय आतमध्ये नाही, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. मी वैतागून पडदा तसाच बंद ठेवला. मग गंमत झाली. त्या पाच आठवड्यांत बरणीतून कुणी एकही नाणं मागितलं नाही.

आता वाटेल की मग कुलूपच लावायचं होतं. मीही तेच म्हणत होते. पण थोरलीने केनियातलं एक संशोधन सांगितलं, पास्कलिन द्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांचं, २०१३ साली छापलेलं. तिथे भिशी लावणाऱ्या लोकांना आरोग्याच्या खर्चासाठी पैसे साठवायला पत्र्याच्या कुलुपी पेट्या दिल्या होत्या. काहींची किल्ली त्यांच्याच हातात, काहींची प्रकल्पाच्या माणसाकडे. नुसती सुरक्षित जागा आणि किल्ली आपल्याकडे, एवढ्यानेही आरोग्यासाठीची बचत ६६ टक्क्यांनी वाढली. किल्ली दुसऱ्याकडे गेली तिथे मात्र अडचण अशी की ऐन गरजेला आपलेच पैसे हाती नाहीत, म्हणून लोक टाकायलाच कचरले. मला हे पटलं. मला बरणी उघडता यायलाच हवी, गिऱ्हाइकाला परत द्यायला सुट्टे लागतात! दुसऱ्याच आठवड्यात ते संपले होते, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना मी बरणी उपडी करून बसले होते. तेव्हापासून मशीनच्या खणात एका डबीत मोजकी वीस नाणी राहतात. त्यांना बरणीचा नियम लागू नाही.

बरणीबद्दल तक्रार नाही. तोंड एवढं रुंद की हात आत जातो. दोनदा पडली, तडा नाही. भरल्यावर भयंकर जड होते, म्हणून फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. नोटा नाण्यांत मिसळू नका, मळतात. मी चेनच्या पाकिटात सुरळी करून त्याच बरणीत उभ्या ठेवते. मोजायला झाकण लागत नाही. नाणी प्रकारवार वेगळी करायची, जुनी-नवीही वेगळी, मग एका ढिगातली दहा काट्यावर वजन करायची आणि त्यावरून सगळा ढीग. माझं एकदाही दोन-तीन नाण्यांपेक्षा जास्त चुकलं नाही. दोन महिन्यांनी एकदा सगळं बँकेत भरते, कारण बरणी व्याज देत नाही.

एक मात्र कबूल करते. फोनवरून पैसे देणारी गिऱ्हाइकं वाढली तशी बरणी हळू भरायला लागली आहे. त्यावरही लोकांनी तोड काढली आहे. बँक ऑफ अमेरिकेने २००५ सालीच अशी योजना आणली होती: कार्डाने खरेदी केली की रक्कम पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत न्यायची आणि वरचे सुटे बचत खात्यात टाकायचे. चिल्लर हातात न येताच साठते. मला अजून खुळखुळाट बरा वाटतो.

तर घ्यायचीच असेल तर साध्या झाकणाची घ्या, तीही पारदर्शक नको. माझ्या बरणीला आता जुन्या डब्याचं झाकण बसलं आहे, मी कात्रीने फट पाडलेलं. ओव्हरलॉकच्या किमतीचा तिसरा हिस्सा झाला आहे. मोजणारं झाकण धाकट्याकडे आहे. नव्या बॅटऱ्या घालून तो माझी शर्टाची बटणं मोजतो. ती सगळी एकाच मापाची असल्यामुळे हिशेब अजून एकदाही चुकलेला नाही.